वीस मोजेपर्यंत

मित्रांनो, ज्यांच्या दंडावर देवीचा गोल वण आहे, त्यांनी तो एकदा चाचपून पाहा. तसे हजारो वण उमटवणारी मी एक जुनी टोचणी आहे. बोटभर पोलादी दांडी आणि टोकाला बारीक दातांची चकती, एवढेच माझे शरीर. १९२६ साली मी श्रीपादरावांच्या पेटीत आले. ते बेळगावचे, देवी टोचण्याच्या कामावर. हिंडलग्यापासून निपाणीपर्यंतची गावे सायकलने करत.

लोक मला मान देत. खरा मान लशीचा होता. वासराच्या कातडीवर वाढवलेली ती लस ग्लिसरिनमध्ये घोटलेली असे. ग्लिसरिन तिला टिकवी आणि तिच्यात शिरलेले इतर जंतू हळूहळू मारी. गोदेवीचे, म्हणजे गाईंना होणाऱ्या देवीचे, सौम्य जंतू मात्र जिवंतच राहावे लागत. त्यांच्याशी झुंजूनच अंग खऱ्या देवीशी लढायला शिके. ते मेले, की उरे नुसते चिकट पाणी. उष्णतेने किंवा स्पिरिटनेही ते मरत, म्हणून श्रीपादराव लशीची नळी ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवत. दंड स्पिरिटने नव्हे, साध्या पाण्याने पुसत. मला ज्योतीवर धरून शुद्ध करत आणि पूर्ण निवेपर्यंत थांबत.

एकदा थांबले नाहीत.

मार्च १९३१. निपाणीच्या एका वखारीत बायका तंबाखूची पाने निवडत होत्या. मुलांना टोचायचे ते जेवणाच्या सुट्टीतच, असे मुकादम भावकूने बजावले होते. रांगेत तीस मुले, धुळीने सगळी शिंकत होती. शेवटी राजाबाईची चार वर्षांची मनू उरली.

"अण्णा, आटपा की! टोचताय का गोधडी शिवताय?" भावकू ओरडला. बायका हसल्या.

श्रीपादरावांनी मनूच्या दंडावर लशीचा थेंब ठेवला आणि ज्योतीवरून काढलेली मी तशीच त्यात टेकवून फिरवली. मनू किंचाळली.

"अण्णा, सुई तापल्याली हाय न्हवं?" राजाबाईने विचारले.

"अगं, टोचलं की पोर रडणारच."

मी तापलेलीच होते. तो थेंब माझ्याखाली मेला. श्रीपादरावांनाही ते कळले, कारण मला पेटीत ठेवताना त्यांनी बोट चटकन मागे घेतले.

आठव्या दिवशी फोड आला का, म्हणजे लस लागली का, ते पाहायचा नियम होता. नसता, तर पुन्हा टोचता आले असते. पण तोवर काम संपून राजाबाई संकेश्वरजवळच्या आपल्या गावी गेली होती. उन्हात पंधरा मैल सायकल हाणायची, म्हणून श्रीपादराव गेले नाहीत.

मे महिन्यात त्या गावात देवीची साथ आली. मनू वाचली, पण तिचा डावा डोळा गेला. श्रीपादराव भेटायला गेले, तेव्हा राजाबाई म्हणाली, "तुमी टोचलतं की वो अण्णा. पोरीचं नशीबच तसलं." ते काही बोलले नाहीत. मला तर बोलताच येत नाही. ही सबब मला होती, त्यांना नव्हती.

त्यानंतर मला ज्योतीवरून काढले, की ते मोठ्याने वीस आकडे मोजत. मुलांना तो खेळ वाटे. "अण्णा, अठरा इसारला!" म्हणून ती टोकत. आठव्या दिवसाचा एकही दंड त्यांनी पुन्हा चुकवला नाही. गावोगाव आमचे कौतुक झाले. ते मला सोसत नसे.

१९४६ साली संकेश्वरात मनुबाई आपले बाळ घेऊन रांगेत उभी राहिली. डाव्या डोळ्यावर पदर ओढलेला. श्रीपादरावांनी मला ज्योतीवर धरले.

"मनू, तुझ्या वेळी सुई तापलेली होती. मला तेव्हाच कळलं होतं."

मनुबाईने बाळ छातीशी ओढले. ज्योतीकडे पाहिले. मग तिने बाळाचा दंड पुढे केला.

"मोजा. मी बी मोजतो."

वीस झाले. श्रीपादराव थांबले, मनुबाई थांबली नाही. एकवीस, बावीस करत ती चाळीसपर्यंत गेली. तोवर त्यांनी मला हलवले नाही.

आठव्या दिवशी ते तिच्या गावी गेले. बाळाच्या दंडावर टपोरा फोड होता. मनुबाईने तो दाखवला. चहाला थांबा, असे मात्र म्हणाली नाही.

आता मी गंजून पेटीत पडले आहे. मित्रांनो, मला जपा असे म्हणण्याचा हक्क मला नाही. पण कधी एखाद्या आईने "तापल्याली हाय न्हवं?" असे विचारले, तर उत्तर देण्याआधी एकदा हात लावून पाहा.