नवव्या पानावरचे हात

"हा कोण गं?" लेफ्टनंट हॅस्केलने चित्रावर पेन्सिल टेकवली.

"इंजिनाचं तेल बघणारा ड्रायव्हर, साहेब." ओडेसाने टाक पुसून ठेवला. "आपल्या पुस्तिकेतला शहाणा."

"ते दिसतंय. काळा कशाला केलास?"

ओडेसा प्रुइट सत्तेचाळीस वर्षांची. दुसऱ्या महायुद्धाआधी ती शिवणाच्या नमुन्यांच्या पाकिटांवर बायकांची चित्रं काढायची. आता अमेरिकेतल्या व्हर्जिनियात, लष्करी चित्रशाळेत, साहेबांच्या पेन्सिलीच्या रेघांवरून शाई फिरवायची. हॅस्केल तिच्या मुलाच्या वयाचा. तो तिला ओडेसा म्हणे, ती त्याला साहेब. युद्ध स्वातंत्र्यासाठी चाललं होतं. पाणी प्यायचे नळ मात्र गोऱ्यांचे आणि तिच्यासारख्या काळ्यांचे वेगळे होते.

ट्रकची निगा शिकवणाऱ्या या पुस्तिकांत कायम दोघे असत. शहाण्याचं नाक सरळ, चेहरा कोरा, गोरा. वेंधळ्या सॅमीच्या तोंडावर मात्र शाई ओतायची. डोळे बटाट्याएवढे, ओठ टायरसारखे. वर्षभरात असे एकवीस सॅमी ओडेसाने आपल्या हाताने रंगवले होते. पगाराचं काम, म्हणून मान खाली घालून.

मग फ्रान्सहून ल्यूशनचं, तिच्या मुलाचं, पत्र आलं. 'आई, आमच्या तुकडीतले सगळे ड्रायव्हर आपलेच. रणगाड्यांना पेट्रोल आम्ही पोचवतो. पण पुस्तिका आल्यापासून कॅप्टन मला सॅमी म्हणतो. ही चित्रं काढतं तरी कोण?'

पत्र तिने घडी करून टेबलाच्या खणात ठेवलं.

आणि आज तिने छपाईत काळसर उमटणारी ठिपक्यांची पातळ फिल्म कापून शहाण्याच्या चेहऱ्यावर आणि हातांवर चिकटवली होती. चेहरा ल्यूशनचा होता.

"ट्रक चालवतात की आमची पोरं," ती म्हणाली.

"चालवतात गं. पण पुस्तिका सगळ्या फौजेत जाते. गोऱ्या पोरांना काळ्याने शिकवायचं? फेकून देतील ती!"

"सॅमीला बघून नाही फेकत?"

"तो विनोद आहे. तुम्हा लोकांना विनोदच कळत नाही."

"कळतो ना, साहेब. एकवीस वेळा मीच काढलाय. हसू तेवढं यायचं राहिलंय."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी घाईघाईने खोकलं. हॅस्केलचे कान लाल झाले.

"चेहऱ्यावरचे ठिपके काढ. आत्ताच्या आत्ता. बाराला पान छपाईला जायचंय."

ओडेसाने पातं घेतलं. कपाळ निघालं, गाल निघाले, हनुवटी निघाली. पोराचा चेहरा तिच्या नखाखाली गोळा होत गेला. नाक हॅस्केलने स्वतः सरळ केलं.

"आणि हात?"

"तेलात माखलेत, साहेब. कामाचे हात आहेत."

बाराला पाच कमी होते. त्याने सही केली आणि दहावं पान पुढे सरकवलं. त्यावर सॅमी होता.

"हे तुम्हीच रंगवा," ओडेसा म्हणाली. "मी नाही रंगवायची."

"विचार करून बोल, ओडेसा."

"वर्षभर केलाय."

दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडे माणसांची चित्रं आली नाहीत. फक्त नट आणि बोल्ट. पगारही उतरला.

दोन महिन्यांनी ल्यूशनचं पाकीट आलं. आत पत्राऐवजी छापील कागदाचा एक तुकडा होता, नवव्या पानावरचा. तेल मोजायची सळई धरलेले दोन काळे हात. डावा अंगठा वाकडा. लहानपणी ल्यूशनचा दारात चेमटला होता, तसाच. चेहरा ल्यूशनने कात्रीने कापून टाकला होता.

मागे पेन्सिलीने लिहिलं होतं, 'आई, कळलं.'

ओडेसाने तो तुकडा टेबलाच्या कडेला चिकटवला आणि पुढचा बोल्ट काढायला घेतला.