चार पूर्णांक शहाण्णव शतांश

"पाच गोळ्या. चुकलं कुठं?" रैली म्हणाली. "चार पूर्णांक शहाण्णव शतांश म्हणजे पाचच की गं!"

तिची उत्तरपत्रिका आमच्या दोघींच्या मध्ये टेबलावर होती. वीस गणितं, एकोणीस बरोबर. परिचारिका व्हायचं तर औषधांच्या मात्रांच्या या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण लागतात आणि संधी तीनच मिळतात. ही तिसरी होती. नापास म्हणजे शिक्षण संपलं.

रैली त्रेपन्न वर्षांची. एकतीस वर्षं ती सरोवराकाठच्या कागद गिरणीत रिळं कापायची. हेलसिंकीच्या मालकांनी गिरणी बंद केली आणि गावात कामाची जागा म्हणून इस्पितळ तेवढं उरलं. मी तिच्या निम्म्या वयाची. गणितं शिकवायची मी आणि प्रश्नही मीच काढायची.

ऑक्टोबरमध्ये ती भर वर्गात म्हणाली होती, "पोरी, हा क्ष कोण? नाव नाही, आडनाव नाही, आणि मी त्याला शोधत हिंडू?" जानेवारीत मात्र कॉफीच्या सुट्टीत तीच दुसऱ्यांना सांगत होती, "जे माहीत नाही त्याला क्ष म्हण आणि समीकरण मांड. घाबरतेस काय, चावत नाही तो."

मी शेवटचं गणित पुन्हा वाचून दाखवलं. रुग्णाचं वजन बासष्ट किलो. दर किलोला दिवसाला जास्तीत जास्त चार मिलिग्रॅम औषध. गोळी पन्नास मिलिग्रॅमची, ती तोडायची नाही. दिवसात जास्तीत जास्त किती गोळ्या द्याल?

तिची मांडणी सुरेख होती. पन्नास क्ष हे दोनशे अठ्ठेचाळीसहून जास्त नको. भागाकारही बिनचूक. आणि त्याखाली ठळक अक्षरात पाच.

"पाच गोळ्या म्हणजे अडीचशे," मी म्हणाले. "दोननं जास्त. उत्तर चार."

ती कागदाकडे बघत राहिली. "गिरणीत आम्ही वरच चढवायचो. पावणेपाच रिळं लागली की पाच पाठवायची. कमी गेलं तर गिऱ्हाईक शिव्या घालायचं. जास्तीबद्दल कुणी कधी बोललं नाही." मग म्हणाली, "दोन मिलिग्रॅमनं माणूस मरतो?"

"नाही."

"मग?"

साडेचार आलं असतं तर कुणीही विचार करायला थांबलं असतं; शहाण्णव शतांशांवर हात आपोआप वर सरकतो. म्हणूनच मी बासष्ट किलो निवडले होते. तीन वजनं खोडून. जमलं तेव्हा स्वतःवर खूश झाले होते.

"गुण तूच देतेस ना?"

"मीच."

"खोडरबर आहे माझ्याकडे," ती हसून म्हणाली. मी हसले नाही. माझी नजर दाराकडे गेली. ते बंद होतं.

तिनं ते पाहिलं आणि तिचं हसू ओसरलं.

"वेडी आहेस का? माझी आई इस्पितळात तिसऱ्या मजल्यावर आहे. तिला पाचवी गोळी देणारी बाई मलाही नको." तिनं कागद माझ्याकडे सरकवला. "लिही."

मी लिहिलं.

सोमवारी तिचा गणवेश कार्यालयात परत आला. धुतलेला, इस्त्री केलेला. वर नावाची पट्टी होती आणि कुणाला टोचू नये म्हणून तिची पिन नीट बंद केलेली होती.