हळदीतल्या दोन ओळी

"मांडवमा कोन उनी, सांगं बाई सांगं,
नूतननं नाक जसं भरीतनं वांगं."

गावात हळदीची गाणी म्हणणाऱ्या सुंदरबाईचा तो खणखणीत गळा अकरा वर्षं झाली तरी माझ्या कानातून जात नाही. साक्रीकडच्या आमच्या गावात हळदीला बायका गाण्यातून एकमेकींची थट्टा करतात. जिचं नाव येईल तिनं हसायचं, अशी रीत. माझ्या भावाची नूतन तेव्हा तेरा वर्षांची. तीही हसली. मग आत जाऊन पितळी ताटात तोंड बघत बसली.

गळा सुंदरबाईचा होता. ओळी माझ्या होत्या. चहा पिता पिता मी त्या जुळवल्या आणि तिच्या कानात सांगितल्या. 'सांगं'ला 'वांगं' सापडलं म्हणून मी खूश. पोरीचं नाक तर चारचौघींसारखंच होतं.

आता नूतन धुळ्याला माझ्याकडे राहते. मी ब्लाउज शिवते. माझी टेप सारखी हरवायची, ती तिच्या उशीखाली सापडली. ती रोज नाक मोजायची. दिवसातून वीसदा या आत्याला विचारायची, "फुई, खरं सांग, मोठं शे ना?"

"नही वं माय," मी म्हणायची. पाच मिनिटांनी पुन्हा तेच.

जळगावला नोकरीची मुलाखत होती. एसटीत समोरची बाई नाकाकडे बघते म्हणून ही अर्ध्या वाटेत पारोळ्यालाच उतरली आणि परत आली. त्यानंतर मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्या म्हणाल्या, "हा मनाचा आजार आहे. तिला जे दिसतं ते ती खोटं सांगत नाही. नाक चांगलंय, असं घडोघडी सांगू नका; तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि प्रश्न परत येतो. गोळ्या आणि बोलणं, दोन्हींना वेळ लागेल."

"कोणाच्या एखाद्या बोलण्यानं होतं का हो हे?" मी विचारलं.

"एकट्या बोलण्यानं नाही होत. पण बोलणं आत रुतून बसतं."

त्यातला पहिला भाग मी किती दिवस उराशी धरून ठेवला. दुसरा मात्र टाके घालताना सुईसारखा टोचायचा.

नूतनच्या मनात गुन्हेगार एकच होती, सुंदरबाई. मागच्या वर्षी सुंदरबाई अंथरुणाला खिळली, नूतनला बोलावत राहिली. नूतन गेली नाही. सुंदरबाई वारली, पण माझं नाव तिच्या तोंडून कधी निघालं नाही.

नूतनचे उपचार सुरू होऊन सात महिने झाले. टेप आता मशीनवर असते. आरसा सकाळी एकदाच. काही दिवस बरे जातात, काही अजिबात नाही.

काल समाधानच्या हळदीचं आमंत्रण आलं. समाधान तिचा चुलत भाऊ. नूतननं पत्रिका वाचली. मग म्हणाली, "फुई, मी येसू. आता सुंदरबाई नही शे. कोन गाई मन्हावर?"

अकरा वर्षांनी ती मांडवात यायला तयार झाली होती. मी गप्प राहिले असते तर हसतच आली असती. मेलेल्या बाईच्या माथ्यावर माझा दोष तसाच राहिला असता.

मी मशीन थांबवलं. हातातलं ब्लाउज बाजूला ठेवलं.

"नूतन, सुंदरबाईले काही म्हनू नको. ते गानं मी रचेल व्हतं."