पायाची खबर

मी अकरम, चामोर्शीतला टेलर. शुगरनं माह्या पायाची खबरच नेली. ताकद हाय, पण पाय कुठी पडला ते पाह्यल्याशिवाय समजत नाई. डोळे मिटले का तोल गेलाच. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी, म्हणून कोणी झोकांडी खाल्ली का लोक हसून विचारतात, "भाऊ, कुठी भेटली?" डाक्टरची चिठ्ठी कोणाकोणाले दाखवू? जिंदगीत थेंब नाई घेतला मी!

काल शुक्रवारी नमाजाआधी मशिदीच्या नळावर उभ्यानं वजू करताना तोंडावर पाणी मारलं, डोळे मिटले अन् धाडकन पडलो. कोणीतरी बोललं, "जुम्म्याले तरी सोडायची!" दोघांनी घरी आणून सोडलं. तीस वर्षं माह्यासोबत संसार केलेली खैरुन दारात आली. कुठी लागलं, ते तिनं विचारलं नाई. आधी माह्या तोंडाचा वास घेतला.