नमुना अर्जातली तिरीप

तिरीप हे नाव माझं. सात महिने पोटातल्या पोरीशी मी त्याच नावाने बोलले, आणि नवऱ्याखेरीज ते एकाच माणसाला सांगितलं: धाकट्या जावेला. पोर जगली नाही. वर्षाच्या आत जावेला मुलगी झाली आणि तिने खुशाल तेच नाव ठेवलं.

मी विचारलं तर म्हणाली, "ताई, नाहीतरी वायाच जात होतं ना? अख्ख्या शहरात असं नाव एकच असेल."

नवरा म्हणाला, "जाऊ दे." म्हटलं, देवाने दिलीय तेवढी एक जाऊ पुरे.

मी जन्मनोंदणीच्या खिडकीत बसते. बाहेर काचेवर भरलेल्या अर्जाचा नमुना चिकटवलेला असतो, लोक त्यात बघून आपला अर्ज भरतात. जुन्या नमुन्यात बाळाच्या नावाच्या जागी फुल्या होत्या. मी तो काढून टाकला, नवा लिहिला, आणि फुल्यांच्या जागी ठसठशीत अक्षरांत घातलं: तिरीप.

पहिल्याच आठवड्यात दोन तिरीपा झाल्या. ज्यांचं नावावरून घरी वाजलेलं असे, ते काचेकडे बघत आणि सुटत. एक गडी तर घाईत बापाचं नावही नमुन्यातलंच उतरवून मोकळा झाला. बायकोने तिथेच त्याची हजेरी घेतली. कुणी अर्थ विचारला की मी सांगे, "फटीतून आत येणारं ऊन."

पाचव्या वर्षी जाऊ खिडकीशी आली. लेकीच्या वर्गात चार तिरीपा निघाल्या होत्या आणि शाळेतल्या बाई तिला 'तिरीप तीन' म्हणत होत्या. जावेला नाव बदलून हवं होतं. मला पोरीचं वाईट वाटलं, तिच्या आईचं अजिबात नाही.

"कारणाचा रकाना कोरा चालत नाही," मी म्हटलं.

"काय लिहू?"

"लिही, हे नाव आमचं नव्हतं."

"असं कोण लिहितं?"

"मग राहू दे तीन नंबर."

मागे रांग चुळबुळत होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग नमुन्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. नमुन्यातलं अक्षर माझंच होतं आणि ते तिला ओळखू आलं असावं, कारण पेन थांबलं. पण तिने लिहिलं.

मी शिक्का मारला. नीट उमटला होता, तरी आणखी एकदा मारला.