बर्फाच्या रेघेतली मोकळी जागा

त्या उन्हाळ्यात बजाजनगरला टँकर आठवड्यातून एकदा यायचा, आणि सुकेशनी दिवसभर विद्यापीठात बसून ग्रीनलँडचा बर्फ तोलायची.

"तुझ्या त्या बर्फातला हंडाभर इकडं धाड की," वाळूजच्या कारखान्यातली पाळी उरकून आलेला तिचा भाऊ अजिनाथ चिडवायचा.

वडील, मुंजाबा, सिल्लोडकडून आले होते. मेंढरं चुलत्यासंगं चाऱ्यामागं गेली होती. "येवढ्या बर्फाला काटा कुठं टांगतेत?" त्यांनी विचारलं.

"आभाळात, आबा. दोन उपग्रह एकामागं एक फिरतात. खाली बर्फाचा डोंगर आला की त्याची ओढ पुढच्याला आधी लागते. दोघांतलं अंतर वाढतं, त्यावरून वजन कळतं."

"पुढल्या मेंढीला हिरवं दिसल्यावानी."

"तसंच. डोंगर हलका झाला की ओढ कमी. आणि जेवढा हलका, तेवढा समुद्र वर."

अडचण पुढंच होती. उपग्रहांची जुनी जोडी सतरा साली थकून बंद पडली, नवी अठराच्या उन्हाळ्यात वर गेली. मधलं जवळजवळ वर्षभर बर्फ तोलायला आभाळात कुणी नव्हतं. आता नव्या जोडीचे पहिले आकडे आले, तर ते जुन्या उतारानं जिथं पोचायला हवे होते, त्याच्या बरेच वर निघाले; जणू मधल्या काळात बर्फ फारसा वितळलाच नव्हता.

"काट्यातला फरक आहे तो," तिचे मार्गदर्शक देवेश सर म्हणाले. "नवे आकडे खाली सरकव आणि मधे रेघ ओढ. वीस वर्षं मी कंठशोष करतोय, बर्फ चाललाय म्हणून. ही पायरी दाखवलीस तर लोक म्हणतील, थांबलं सगळं, बांधा किनाऱ्यावर इमारती."

"फरक काट्यातच आहे, हे तपासलं कुठं, सर?"

"उद्या समितीपुढं सलग रेघ हवी. नाहीतर माझी सही विसर."

सही नाही, तर प्रबंधच नाही.

संध्याकाळी टँकरची वाट बघत सगळे ओट्यावर बसले. समोरच्या माळावर नव्या इमारतींचे सांगाडे, प्रत्येकाच्या पायाशी एक कोरडी बोअर. आबांनी देवाची ओवी धरली, अजिनाथ रिकाम्या ड्रमवर ताल देऊ लागला. मधेच आबा अडले. कडवं आठवेना. अजिनाथनं हसत मनचं एक जोडून दिलं. बसलंही झकास, शेजारच्या द्वारकाबाई मान डोलवायला लागल्या.

आबांनी हात वर केला. "ते नको. येत नाय तर येत नाय. तू वाजीव नुसता."

ताल चालू राहिला, शब्दांवाचून. मग पुढलं कडवं आबांच्या ओठी आलं आणि ओवी तिथून निघाली.

"आवो, मधलं ऱ्हायलं की," द्वारकाबाई म्हणाल्या.

"व्हय. ऱ्हायलं तर ऱ्हायलेलं दिसू द्या."

दुसऱ्या दिवशी समितीपुढच्या पडद्यावर बर्फाची रेघ उतरत गेली आणि तुटली. पांढरी जागा. पलीकडं नवे आकडे, होते तिथंच. देवेश सर खुर्चीत ताठ झाले.

"मधे काय झालं?" समितीतल्या सत्यभामा मॅडमनी विचारलं.

"माहीत नाही. बघायला कुणी नव्हतं."

"अंदाजानं रेघ ओढता आली असती."

"आली असती. पण ती माझी रेघ झाली असती, बर्फाची नाही. जुन्या जोडीनं शेवटी जेवढा तोलला, त्याहून नव्या जोडीला बर्फ कमीच सापडलाय. एवढं वाईट पुरे आहे, मॅडम. त्याला माझ्या खोट्याचा टेकू नको."

देवेश सर उठले. "या कामावर माझं नाव नको."

"मग माझं एकटीचं राहू द्या, सर," सुकेशनी म्हणाली. "आकडे सरकायचे नाहीत."

त्यांच्यामागं दार लागलं. टेबलाच्या कडेवर तिच्या बोटांनी केव्हाच ताल धरला होता.

"पुढचं सांगते," ती म्हणाली, आणि तुटलेल्या रेघेच्या पलीकडल्या पहिल्या ठिपक्यावर तिनं बोट ठेवलं.