बंदरराणीच्या खांद्यावरचा दोर

या, असे जवळ या. जरा सरकून बसा, मागच्यांनाही ऐकू गेलं पाहिजे. क्लीव्हलंडच्या एका बाईची गोष्ट सांगतो. बाई देवभोळी, हात सोन्याचा, पण पोटात निखारा.

ओडेसा टिलरी तिचं नाव. 'बंदरराणी' नावाच्या वीरांगनेच्या कॉमिकवर ती शाई चढवायची. चित्रकाराने पेन्सिलीने काढायचं आणि ओडेसाने ब्रशच्या काळ्या रेघेने त्यात जीव ओतायचा. अशी चार वर्षं झाली, पण दुकानदारांची आगाऊ मागणी अंकागणिक घसरत चालली होती.

शुक्रवारी संपादक मार्विनचा फोन आला.

"ओडेसा, पुढच्या अंकाला पंधरा हजार प्रतींची मागणी आली नाही, तर बंदरराणी बंद. वरून सांगितलंय."

"मग?"

"एक उपाय आहे. मुखपृष्ठ कॉर्लिस करतेय."

कॉर्लिस बोमॉन्ट! दोघी एकाच टेबलावर बसून शिकलेल्या. आता कॉर्लिसच्या सहीसाठी दुकानाबाहेर रांगा लागत. लोक तिची मुखपृष्ठं पाकिटात सीलबंद करून ठेवत, आतलं पान उघडूनही बघत नसत. म्हणजे चार वर्षं मान मोडून घासलं आपण, आणि तारायला येणार ही!

"शाई कोण चढवणार?"

"तूच. तिनेच मागून घेतलंय तुला."

"उपकार झाले," म्हणत तिने फोन आपटला.

रविवारी चर्चमध्ये पास्टरांचं प्रवचन रंगात आलं. बोलता बोलता त्याचं गाणं कधी झालं, कळलंच नाही. "दुसऱ्याच्या ताटात वाढलेलं बघून हसशील का, बहिणी?" त्यांनी सूर लावला. अख्खी सभा "होय, प्रभू!" म्हणत उठून उभी राहिली. याच सुरासाठी ओडेसा बर्फ तुडवत यायची. आज मात्र तिचे ओठ मिटलेलेच राहिले.

सोमवारी चित्र आलं. तिने आधी खोट शोधली. सापडेना. वादळात धक्क्यावर उभी असलेली बंदरराणी, आणि चेहऱ्यावर असं तेज की ओडेसाला रडू फुटलं. मग त्या रडण्याचाच राग आला, आणि मनात पाप शिरलं. डोळ्यांभोवतीची रेघ केसभर जाड केली की चेहरा मेलाच. कुणाला कळतंय? लोक म्हणतील, कॉर्लिसचा हात गेला. मालिका बुडेल? बुडू दे!

तिने ब्रश बुडवला. टेकवणार, तोच नजर बंदरराणीच्या खांद्यावरच्या दोरावर अडली. त्या दोराचा पीळ आजवर कुठल्याच चित्रकाराने काढला नव्हता. पहिल्या अंकापासून तो ओडेसाच आपल्या मनाने ओढायची. इथे तो पेन्सिलीने काढलेला होता, आणि कसा? लुळा! तिने बोट फिरवलं. खोडून खोडून कागदाला तिथे लव आली होती, भोक पडायचं तेवढं बाकी होतं.

तिने कॉर्लिसला फोन लावला.

"काय गं, दोर जमला नाही वाटतं?"

कॉर्लिस म्हणाली, "चार वर्षं तुझा अंक न् अंक विकत घेतेय, सटवे. तो पीळ तू कसा घालतेस, अजून कळलं नाही. दोन दिवस गेले माझे त्यात."

"जळतेस होय माझ्यावर?"

"मग काय तर! सांग ना, कसा काढतेस?"

"मुळीच नाही सांगणार!"

फोन ठेवला आणि रविवारी अडलेलं "होय, प्रभू" आत्ता तिच्या तोंडून निघालं. चेहऱ्याची रेघ तिने जशीच्या तशी राखली, केसभरही इकडेतिकडे नाही. मग श्वास रोखून एका दमात दोर ओढला.

मागणी एकोणीस हजारांवर गेली. बंदरराणी आणखी वर्षभर जगली. मुखपृष्ठावर सही मात्र एकट्या कॉर्लिसची. ती सही दिसली की ओडेसा आजही जळते, खोटं कशाला सांगू?

तर मंडळी, तो अंक कुठे पाकिटात बंद दिसलाच, तर पाकीट फोडा, आतली पानं उघडा. आणि त्या दोरावर नजर गेली, की आमच्या ओडेसा टिलरीची आठवण काढा.